पाणी कुठं मुरतंय?

एखाद्या व्यवहारात काही गडबड असल्याचा संशय आला, की आपण पटकन म्हणतो, "पाणी कुठंतरी मुरतंय." २०२५ च्या पावसानं हा वाक्प्रचार आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अक्षरशः खरा करून दाखवला. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. १९५० पासूनच्या नोंदींत मुंबईत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. मे संपता संपता आपल्याकडं नगर तालुक्यात खडकी-वाळकीच्या परिसरात पूर आला. पुढं सप्टेंबरमध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या एरवी टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यांत गावंच्या गावं पाण्यात उभी राहिली. पूर ओसरला, ऊन पडलं, बातम्या थांबल्या. घरात मात्र एक पाहुणा राहिला, तो काही जायचं नाव घेईना. तो म्हणजे कुबट वास.

कपाट उघडलं की वास, गाद्या हलवल्या की वास, दोन दिवस गावाला जाऊन आलं की दारातच वास. मैत्रिणींनो, या वासाबद्दल आज जरा सविस्तर बोलायचं आहे. कारण हा विषय दिसतो घरगुती, पण त्यात हवामान आहे, बांधकाम आहे, पैसा आहे, कायदा आहे आणि घरात बाईचा शब्द किती चालतो हेही आहे.

आधी एक साधी गोष्ट बघा. आपला जिल्हा नावापुरता एक. २०२४ मध्ये त्याचं अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण पावसाच्या बाबतीत तो पूर्वीपासूनच तीन तऱ्हांचा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस. तिथल्या माणसाला पाऊस म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, त्याचं छप्पर उतरतं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांचा बागायती पट्टा. तिथं वर्षानुवर्षं जमिनीत पाणी मुरल्यानं अनेक ठिकाणी जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या. हेच खारट पाणी पायातून वर चढतं आणि भिंतीला लोणा लागतो. पांढरी भुकटी, हात लावला की गळून पडणारा गिलावा, हे श्रीरामपूर-राहात्याकडच्या बायकांना सांगायला नको. आणि उरलेला मोठा भाग पर्जन्यछायेतला, दुष्काळी. या भागात घर बांधताना गवंडी हमखास म्हणतो, "वहिनी, आपल्याकडं पाऊस पडतोय कुठं? कशाला वॉटरप्रूफिंगचा खर्च?"

या एका वाक्यात आपली निम्मी घरं ओली झाली आहेत.

जुन्या धाब्याच्या घरांना दरवर्षी देखभाल लागायची. मृगाच्या आधी धाब्यावर पांढरी माती पडायची, पन्हळी साफ व्हायच्या, पत्र्याच्या घरांचे खिळे आणि वायसर बदलले जायचे. पापड-कुरडयांसारखंच हेही उन्हाळकाम. स्लॅब आला आणि "आता कटकट गेली" असं सगळ्यांना वाटलं. पण सपाट स्लॅबला उतार नीट नसेल, तर गच्चीवर तळं साचतं. आपल्या काळ्या मातीचाही एक स्वभाव आहे. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. पाया पुरेसा खोल नसेल, तर भिंतींना चिरा पडतात आणि चिरेतून पाणी आत येतं. २०२५ मध्ये भर पडली ती अशी, की दुरुस्तीचा जो महिना असतो त्याच मे महिन्यात पाऊस येऊन बसला. ज्यांनी "पुढच्या आठवड्यात गच्चीचं बघू" म्हटलं होतं, त्यांचा तो आठवडा उजाडलाच नाही.

आता दुसरी बाजू. हा वास घरात सगळ्यात आधी कुणाला येतो? जी दिवसभर घरात असते तिला. कपाट तीच आवरते, धान्याची कोठी तीच उघडते, फरशी पुसताना कोपऱ्यात तीच वाकते. संध्याकाळी घरी आलेला माणूस पाच मिनिटांत त्या वासाला सरावतो, कारण नाकाचा धर्मच तो. मग तो म्हणतो, "मला तर काही येत नाही." सासूबाई म्हणतात, "कपडे नीट वाळत नसतील." पाहुणी म्हणते, "डांबरगोळ्या टाका." म्हणजे बघा, पाणी मुरतंय भिंतीत आणि ठपका येतो बाईच्या स्वच्छतेवर. ती बिचारी पुन्हा एकदा सगळं घर धुऊन काढते. म्हणजे आणखी पाणी! दिवाळी आली की डागावर रंगाचा हात फिरतो. संक्रांतीपर्यंत तो रंग पोपडा होऊन खाली येतो.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच. कुबट वास हा स्वच्छतेचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. पाणी कुठून येतंय हे सापडल्याशिवाय रंग, ऊद, डांबरगोळ्या, सुगंधी फवारे यांवर एक रुपयासुद्धा घालवू नका.

पाणी शोधायचं कसं? मोठी यंत्रं लागत नाहीत. माझ्या घरचंच सांगते. आमच्या आतल्या खोलीतल्या कपाटाला वास यायचा. घरच्यांचं आणि बघायला आलेल्या गवंड्याचं एकमत होतं, की हे गच्चीचंच. गच्चीच्या कामाचा आकडा चांगला पाच आकडी सांगितला गेला. मी म्हटलं, महिनाभर थांबा. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते, त्यावरच रोज सकाळी खुणा करू लागले. वास जास्त असेल त्या दिवशी एक फुली, पाऊस पडला तर एक टिंब, आणि नळाला पाणी आलं तर एक गोल. महिना संपला आणि पान समोर धरलं, तर फुल्या टिंबांच्या घरात नव्हत्याच, त्या गोलांच्या घरात होत्या! पाऊस पडो न पडो, नळाला पाणी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी वास. म्हणजे चोर गच्चीवर नव्हता, नळाच्या पाइपात होता. कपाटामागच्या भिंतीच्या पलीकडं स्वयंपाकघराचा ओटा. त्यामागची टाइल काढली, तर भिंतीत गाडलेल्या पाइपाचा एक एल्बो झिरपत होता. पाणी आलं की त्यावर दाब यायचा. काम दोन हजारांच्या आत झालं.

आपल्याकडं अनेक गावांत नळाला एक दिवसाआड, कुठं आठवड्यातून एकदा पाणी येतं. ही आपली अडचण खरी, पण शोध घेताना तिचाच उपयोग होतो. चोवीस तास पाणी असणाऱ्या शहरात हा फरक कळलाच नसता.

वेळेइतकंच महत्त्व जागेला आहे. डाग जमिनीपासून सुरू होऊन साधारण कमरेपर्यंत आला असेल, तर ओल बहुधा पायातून चढतेय. छताला किंवा भिंतीच्या वरच्या कडेला असेल, तर गच्ची बघा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल, तर खिडकीची चौकट आणि बाहेरचा छज्जा बघा. भिंतीच्या मधोमध, एकट्याच गोल चट्ट्यासारखा असेल, तर आतला पाइप. आणि मोरी-संडासाच्या पाठीमागच्या भिंतीला असेल, तर फरशीच्या सांध्यांतून पाणी जातंय असं समजा.

यानंतर चार घरगुती परीक्षा आहेत. पहिली, प्लास्टिकची. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा संशयित जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील, तर ओल भिंतीतून येतेय. आपल्या बाजूला असतील, तर ती घरातल्या हवेतली वाफ आहे. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, पावसाळ्यात घरातच दोरीवर वाळणारे कपडे यांची ती ओल. तिला गवंडी नको, खिडकी हवी.

दुसरी, टाकीची. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी खडूनं खुणावा. सकाळी कुणी नळ सोडायच्या आधी बघा. पातळी उतरली असेल, तर टाकी, नळ किंवा टाकीखालचा पाइप यांत कुठंतरी गळती आहे. जमिनीतल्या हौदाचीही अशीच परीक्षा घ्या. पाणी रोज येत नाही म्हणून आपण घराच्या अगदी पायाला लागून हौद बांधतो. तो झिरपायला लागला, की पाया कायमचा ओला.

तिसरी, निळीची. मोरीच्या जाळीत बोळा घालून दोन बोटं पाणी साठवा, त्यात कपड्याची नीळ चांगली गडद कालवा आणि एक दिवस राहू द्या. खालच्या किंवा मागच्या भिंतीवर निळी झाक आली, की सांगायला प्लंबरची गरज नाही. झाक आली नाही तरी पातळी लवकर उतरली का, ते बघा.

चौथी, नाकाची. कुबट वास आणि गटाराचा वास वेगळा. सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर बहुतेक वेळा न वापरलेल्या मोरीतला नहाणी ट्रॅप कोरडा पडलेला असतो. त्यात तांब्या-दोन तांबे पाणी ओता आणि तासाभरानं बघा. फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, उन्हाळ्यानंतर ओल्या जाळ्यांसकट माळ्यावर टाकलेला कूलर आणि भिंतीला टेकवून रचलेल्या गव्हाच्या गोण्या, हे तीन कोपरेही हुंगून घ्या. गोण्या नेहमी फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब.

धान्याचं जरा गंभीरपणे घ्या. भिजलेल्या मक्यावर, शेंगदाण्यावर वाढणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. हे विष शिजवल्यानं पुरतं जात नाही. बुरशी आलेले शेंगदाणे धुऊन, भाजून कूट करण्याचा मोह टाळा.

"पण वासानं काय होतंय?" असं कुणी म्हणालं, तर त्याला उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, ॲलर्जी आणि दमा यांचा धोका जास्त असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा दमेकरी असेल, तर ही चैनीची दुरुस्ती नव्हे.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट इंग्लंडमधली आहे. रॉचडेल गावात भाड्याच्या सामाजिक घरकुलात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळं झालेल्या श्वसनाच्या आजारानं हा मृत्यू झाला, असं नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या चौकशीत जाहीर झालं. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना काय सांगण्यात आलं होतं माहीत आहे? वरून रंग मारा! अगदी आपल्यासारखंच. फरक इतकाच, की तिथं त्या मुलाच्या नावानं कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांच्या मालकांना ओल आणि बुरशीच्या तक्रारीची ठरावीक मुदतीत चौकशी आणि दुरुस्ती करणं बंधनकारक झालं.

आपल्याकडं काय आहे? २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. घरांच्या नुकसानीची मदत आपत्ती निवारण निधीच्या निकषांवर बेतलेली असते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये, आणि अंशतः म्हणजे किमान १५ टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. आता सांगा, जी भिंत उभी आहे पण आतून भिजली आहे, तिचं काय? तिच्यासाठी या यादीत वेगळा रकाना नाही. पंचनामा डोळ्यांना दिसतं त्याचा होतो, नाकाला कळतं त्याचा होत नाही. म्हणून घरात पाणी शिरलं असेल, तर पाणी असतानाचे आणि उतरल्यानंतरचे, तारखेसह फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढं पडझड झाली तर हाच पुरावा.

फ्लॅट घेतला असेल, तर कायदा जरा बरा आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. पण छोट्या गावांची मेख इथंच आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेले प्रकल्प महारेराकडं नोंदवावेच लागत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी इमारती सहा-आठ फ्लॅटच्याच! तेव्हा घर घेताना नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. काहीही असो, तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. सोसायटीत "वरच्यांचं पाणी, खालच्यांचं छत" हे भांडण नेहमीचं. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती सोसायटीनं दुरुस्त करायची, आणि आपल्या फ्लॅटच्या आतल्या संडास-मोरीची गळती ज्याची त्यानं. शेजारणीशी अबोला धरण्याआधी एवढं वाचून दाखवा.

आणि घरकुल? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी केंद्राच्या निकषानं १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. पैशाची ओढाताण असतेच, आणि ओढाताणीत पहिली काट बसते ती गच्चीच्या उतारावर आणि जोत्याच्या उंचीवर. हे घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं, ही चांगली गोष्ट. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळं शहरातही उताऱ्यावर बायकांची नावं दिसू लागली. पण नाव लागलं म्हणजे शब्दही चालतो असं नाही. बांधकाम चालू असताना मालकीणबाई चहा करायला आत, आणि गवंड्याशी बोलायला बाकी सगळे बाहेर!

म्हणून बांधकामावर उभ्या राहा आणि हे प्रश्न विचारा. जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे? जोत्यावर ओल अडवणारा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो घातला का? गच्चीचा उतार कुठल्या पन्हळीकडं आहे, बादलीभर पाणी ओतून दाखवा. टाइल बसवण्याआधी पाइपात पाणी भरून दाबाची परीक्षा घेतली का? हौद भिंतीपासून किती लांब आहे? हे विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही.

दुरुस्तीचाही क्रम पाळा. आधी गळती थांबवा. मग भिंत पुरती वाळू द्या. त्याला आठवडे लागतात, कधी महिनेही. मग गिलावा आणि सगळ्यात शेवटी रंग. वाड्याच्या दगडमातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापू नका. भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल आणखी वर चढते. बुरशी कोरड्या झाडूनं झटकू नका, नाकाला फडका बांधून ओल्या फडक्यानं पुसा. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ओल्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल, तर मेन स्विच बंद करून आधी वायरमन बोलवा, बाकी सगळं नंतर. स्लॅबचे पोपडे पडून आतली सळई दिसत असेल, तर तो वासाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. जाणकार माणसाला दाखवाच.

हवामान बदलतंय हे आपण टीव्हीवर ऐकतो आणि ते कुठंतरी लांब, हिमालयात किंवा समुद्रात घडतंय असं वाटतं. दुष्काळासाठी बांधलेल्या घरांवर मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला, तर तो बदल आपल्या कपाटापर्यंत आला म्हणायचा. त्याची पहिली खबर घरातल्या बाईच्या नाकाला लागते. तेव्हा "तुला उगाच वास येतो" असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. कॅलेंडरचं पान काढा, खुणा दाखवा आणि विचारा, "मग सांगा, पाणी कुठं मुरतंय?"